घोडामाराचे लाभक्षेत्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हुगळी नदी बंगालच्या उपसागराला मिळते त्या मुखाशी, सागर बेटाच्या उत्तरेस, घोडामारा नावाचे एक छोटे बेट आहे. कोलकाता शहर तेथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. १९७५ च्या सुमारास या बेटाचे क्षेत्रफळ साडेआठ चौरस किलोमीटर होते. २०१२ साली उपग्रहाने घेतलेल्या चित्रांवरून ते मोजले गेले, तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरही भरले नाही. २०११ च्या जनगणनेत येथे सुमारे पाच हजार माणसांची नोंद झाली. त्यानंतर बेट सोडून जाणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. खासीमारा, लक्ष्मीनारायणपूर या वस्त्यांची जमीन नदीने घेतली. एका पिढीच्या हयातीत, डोळ्यांदेखत, जवळजवळ निम्मे बेट नाहीसे झाले.

देशाच्या नकाशावर हा ठिपका शोधावा लागतो. तेथे ना खाण, ना कारखाना. भाताची शेती, पानमळे आणि मासेमारी यांवर जगणारी ही वस्ती. मग महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी तिचा विचार का करावा? भूतदया म्हणून नव्हे. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी या राज्यातील कष्टकऱ्यांनी जो प्रश्न अर्धशतकापूर्वी विचारला, तोच प्रश्न घोडामारा अधिक कठोर स्वरूपात विचारीत आहे. तो प्रश्न असा: जमीन बुडते तेव्हा तिच्या बुडण्यातून ज्यांचा लाभ झाला, त्यांचे काही देणे लागते की नाही?

बेट झिजते कसे

प्रथम झीज कशी होते ते समजून घेतले पाहिजे, कारण ‘समुद्राने गिळले’ या शब्दांत फार काही दडून राहते.

घोडामाराची भूमी खडकाची नाही. नदीने आणलेल्या गाळाची ती आहे. हुगळीच्या मुखाशी उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी पाच मीटरपर्यंत चढते आणि तितकीच उतरते. दिवसातून दोन वेळा एवढे पाणी बेटाच्या दोन्ही अंगांनी धावते. हा प्रवाह काठाचा पाया खालून पोखरतो. वरचा थर काही काळ अधांतरी राहतो आणि मग भाताच्या खाचरासकट, झाडासकट एकदम खचतो. काठावर मातीचा बांध असतो. पाया गेला की बांधही जातो. मग मागे सरून, आतल्या शेतांतून, नवा बांध घातला जातो. जुन्या आणि नव्या बांधाच्या मध्ये जी शेते व घरे राहतात ती नदीच्या हवाली होतात. नव्या बांधासाठी जी जमीन लागते तीही त्याच लोकांची. काही वर्षांनी हा दुसरा बांधही पडतो. अशा रीतीने एकेक बांध सोडीत बेट आतल्या आत आकसते.

या रोजच्या झिजेवर वादळांचे घाव पडतात. २५ मे २००९ चे आयला, नोव्हेंबर २०१९ चे बुलबुल, २० मे २०२० चे अंफान आणि २६ मे २०२१ चे यास. यास वादळ वस्तुतः ओडिशाच्या किनाऱ्यावर, बालेश्वरजवळ आदळले. परंतु त्या दिवशी पौर्णिमा होती. वाऱ्याने रेटलेले पाणी आणि उधाणाची भरती एकत्र आली आणि घोडामारा जवळपास संपूर्ण पाण्याखाली गेले. खारे पाणी ओसरले, पण तळी खारट झाली, मासे मेले आणि पानमळे जळून गेल्यासारखे झाले. पानमळा उभा करण्यास भांडवल लागते आणि ते सावकाराकडून येते. म्हणजे पाणी एका दिवसात उतरते. कर्ज मात्र अनेक वर्षे राहते.

निसर्गाच्या नावावर घातलेले

ही सारी करणी निसर्गाची, असे मानण्याची सोय राज्यकर्त्यांना नेहमीच होते. निसर्गावर खटला भरता येत नाही आणि त्याच्याकडून भरपाईही मागता येत नाही. म्हणूनच निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे तपासणे हे राजकीय काम आहे.

पहिली गोष्ट समुद्राच्या पातळीची. हुगळीवर डायमंड हार्बर येथे भरतीची नोंद दीर्घकाळ ठेवली गेली आहे. १९४८ ते २००५ या काळात तेथे पाण्याची पातळी दरवर्षी सरासरी ५.१६ मिलिमीटर या वेगाने चढली, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले आहे. त्यात समुद्राच्या चढण्याबरोबर त्रिभुज प्रदेशातील भूमीच्या खचण्याचाही वाटा आहे, हेही त्याच उत्तरात होते. पृथ्वी तापल्याने समुद्र फुगतो आणि बर्फ वितळते. त्या तापण्याला दीडशे वर्षे जाळलेला कोळसा आणि तेल कारण आहे. घोडामाराच्या मच्छीमाराने त्यात किती जाळले असेल, याचा हिशेब करण्याचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट बांधांच्या इतिहासाची. सुंदरबनाच्या भारतीय भागात शंभरावर बेटे आहेत आणि त्यांतील चोपन्न बेटांवर माणसे राहतात. ही वस्ती कंपनी सरकारच्या महसुलाच्या भुकेतून वाढली. १७७० नंतर जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणण्यासाठी पट्टे दिले जाऊ लागले. पुढे सारे खारजंगल क्रमांक घातलेल्या तुकड्यांत विभागून पट्ट्याने दिले गेले. काकद्वीपहून सागर बेटाकडे फेरी ज्या धक्क्यावरून सुटते, त्याचे नाव आजही ‘लॉट क्रमांक आठ’ असे आहे. गावाचे नाव पुसून पट्ट्याचा क्रमांक उरावा, यापेक्षा त्या व्यवस्थेचे अधिक नेमके वर्णन करता येणार नाही.

या पट्टेदारांना तातडीने पीक आणि तातडीने खंड हवा होता. नदीच्या मुखावरील बेट भरतीच्या पाण्याबरोबर येणाऱ्या गाळाने वर्षानुवर्षे उंच होत असते. ते पुरेसे उंच होण्याआधीच त्याला बांध घातला, तर गाळ आत येत नाही. तो नदीच्या पात्रात साचतो, पात्र वर येते आणि बांधाच्या आतील जमीन भरतीच्या पातळीखालीच राहते. रायगड–ठाण्याच्या खाड्यांकाठची खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र चटकन उमगेल. फरक इतकाच की सुंदरबनात असे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे बांध आहेत आणि त्यांच्या आड पंचेचाळीस लाखांच्या आसपास माणसे राहतात.

तिसरी गोष्ट बंदराची. कोलकाता बंदर गाळाने भरू लागले म्हणून गंगेचे पाणी हुगळीत वळविण्यासाठी फराक्का येथे बंधारा बांधला गेला. तो १९७५ साली सुरू झाला. जोडकालव्यातून सेकंदाला चाळीस हजार घनफूटपर्यंत पाणी वळविण्याची ती योजना होती. १९७७ साली घोडामारापासून फार दूर नसलेल्या हल्दियाची गोदी सुरू झाली. जहाजांसाठी पात्र खोल राखणे, गाळ उपसणे, प्रवाहाला वळण देण्यासाठी नयाचर बेटाच्या टोकाशी भिंत घालणे ही कामे ओघाने आली. त्याच मुखात नयाचर वाढत गेले आणि घोडामारा झिजत गेले. या कामांनी प्रवाह आपल्या काठावर लोटला, असा बेटावरील लोकांचा आरोप आहे. तज्ज्ञांत या कारणाच्या वाट्याबद्दल मतभेद आहेत. त्रिभुज प्रदेशातील नद्या मुळातच कूस बदलणाऱ्या असतात, हेही खरे. परंतु पात्रात एवढे काम करताना शेजारच्या वस्तीच्या काठाचे काय होईल, हा प्रश्न त्या वस्तीसमोर मांडून तिची संमती कोणी घेतली होती काय?

येथे एका अभियंत्याचे स्मरण करणे योग्य ठरेल. कपिल भट्टाचार्य हे पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतील अभियंते. दामोदरवरील धरणे पुराचे पाणी अडवतील आणि हुगळी धुऊन काढणारा तो लोटच थांबेल, असे त्यांनी सांगितले. फराक्काने बंदर तर वाचणार नाहीच, उलट वरच्या बाजूस पूर आणि काठांची झीज वाढेल, असा त्यांचा इशारा होता. त्याबद्दल त्यांना पाकिस्तानचा हस्तक ठरविण्यापर्यंत टीकाकारांची मजल गेली. पुढे मालदा जिल्ह्यात पंचानंदपूरसारखी भरभराटीची बाजारपेठ गंगेने गिळली आणि मुर्शिदाबादचे काठ कोसळत राहिले. विकासाच्या योजनेवर शंका घेणाऱ्याला देशद्रोही ठरविण्याची रीत आजची नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

लोहाचरा आणि बातमीची वेळ

घोडामाराजवळच लोहाचरा नावाचे बेट होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ते वस्तीला निकामी झाले. त्याची बातमी जगाच्या वर्तमानपत्रांत झळकली ती डिसेंबर २००६ मध्ये. हवामानबदलामुळे नाहीसे झालेले पहिले वस्तीचे बेट, असे त्याचे वर्णन झाले. पुढे त्या जागी गाळ पुन्हा वर आल्याच्याही बातम्या आल्या आणि मग बेट ‘परतले’ असा आनंद व्यक्त करणारेही निघाले. परंतु ओहोटीला दिसणारा चिखलाचा पट्टा म्हणजे शेत नव्हे, गोड्या पाण्याचे तळे नव्हे आणि गाव तर नव्हेच.

लोहाचरा आणि घोडामारा येथून उठलेली कुटुंबे बहुतांशी सागर बेटावर गेली. तेथे त्यांच्या वसाहती झाल्या. आधी आलेल्यांना शेतीसाठी काही बिघे जमीन मिळाली. नंतर आलेल्यांच्या वाट्याला येणारा तुकडा लहान होत गेला आणि पुढे घर व परसापुरतीच जागा उरली. म्हणजे जो अधिक काळ नदीशी झुंजला, जो शेवटपर्यंत गाव धरून राहिला, त्याला सर्वांत कमी मिळाले. आणि ज्या सागर बेटाने त्यांना आसरा दिला ते तरी स्थिर आहे काय? मकरसंक्रांतीला लाखो यात्रेकरू ज्या कपिलमुनींच्या मंदिरात येतात, त्याच्या आधीची मंदिरे समुद्राने घेतली आणि आजचे मंदिर १९७० नंतरच्या दशकात उभे राहिले. समुद्र आता त्याच्याही जवळ आला आहे. एका झिजत्या बेटावरून दुसऱ्या झिजत्या बेटावर नेणे, याला पुनर्वसन म्हणावयाचे की मुदतवाढ?

कायद्याने न पाहिलेला माणूस

आता कायद्याकडे पाहू. १८२५ साली कंपनी सरकारने बंगालमध्ये एक नियम केला. नदीने गाळ टाकून नवी जमीन तयार केली, तर ती कोणाच्या मालकीची, याची तजवीज त्यात होती. नव्या जमिनीवर महसूल बसविता येत होता, म्हणून तिची चिंता दोनशे वर्षांपूर्वी वाहिली गेली. जमीन गेलेल्या माणसाने जावे कोठे, याचे उत्तर देणारा कायदा मात्र अद्याप झालेला नाही.

२०१३ चा भूसंपादन व पुनर्वसनाचा कायदा जमीन शासनाने घेतली तर लागू होतो. नदीने घेतली तर होत नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या आधारे ज्या आपत्तींसाठी मदत दिली जाते त्या केंद्राच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, भूकंप आहे, गारपीट आहे. काठाची झीज नाही. वादळात घर पडले तर मदतीची रक्कम ठरलेली आहे. परंतु तेच घर वादळाविना, शांत पौर्णिमेच्या रात्री खचून नदीत गेले, तर ती आपत्तीच नव्हे.

पंधराव्या वित्त आयोगाने ही उणीव ओळखली, हे मान्य केले पाहिजे. २०२१ ते २०२६ या काळासाठी झीज रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि झिजेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची तरतूद आयोगाने सुचविली. २०२३ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने धोरणाचा मसुदाही मांडला. हे पाऊल योग्य दिशेने आहे. तथापि निधी आणि हक्क यांत मूलभूत भेद आहे. निधी मिळावा म्हणून राज्याने प्रस्ताव पाठवावा लागतो, केंद्राने तो मान्य करावा लागतो आणि अधिकाऱ्याने यादी करावी लागते. हक्क असेल तर माणूस न्यायालयाच्या दारात उभा राहू शकतो. आयलानंतर बांधांच्या फेरउभारणीसाठी सुमारे पाच हजार कोटींची योजना मंजूर झाली होती. जमीन मिळविण्याच्या अडचणीत ती अडकली आणि तिचा लहानसाच भाग प्रत्यक्षात उतरला. केवळ पैशाने प्रश्न सुटत नाही, हे या अनुभवावरून उघड झाले आहे.

बुडीतक्षेत्र आणि लाभक्षेत्र

या ठिकाणी महाराष्ट्राच्या अनुभवाला महत्त्व येते. कोयनेपासून पुढे या राज्यात धरणे होत गेली आणि धरणग्रस्त देशोधडीला लागत गेले. त्यांच्या लढ्यांतून दोन शब्द प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी बसले: बुडीतक्षेत्र आणि लाभक्षेत्र. ज्यांची जमीन पाण्याखाली जाते ते बुडीतक्षेत्र; त्या पाण्याने ज्यांची जमीन भिजते ते लाभक्षेत्र. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून ठरावीक प्रमाणात जमीन घेऊन ती बुडीतक्षेत्रातील कुटुंबांना द्यावी, हे तत्त्व १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने स्वीकारले. अंमलबजावणी किती अपुरी झाली, हे कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या फरफटीने दाखविले आहे. पण तत्त्व मान्य झाले, म्हणूनच त्या अपुरेपणाविरुद्ध लढता आले. भरपाई ही दया नसून लाभाच्या वाटणीतील थकबाकी आहे, हा त्या तत्त्वाचा गाभा.

हेच तत्त्व हुगळीच्या मुखाशी लावून पाहावे. घोडामारा हे बुडीतक्षेत्र आहे, याविषयी वाद नाही. मग त्याचे लाभक्षेत्र कोणते? ज्या बंदरासाठी नदी वळविली आणि पात्र राखले, ते बंदर आणि त्यावर जगणारा व्यापार. ज्या महसुलासाठी अपक्व बेटांना बांध घातले, त्या महसुलाचा वारसा सांगणारे शासन. ज्या उद्योगांनी, शहरांनी आणि प्रामुख्याने ज्या श्रीमंत राष्ट्रांनी कोळसा व तेल जाळून समुद्र तापविला, ती राष्ट्रे. नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म अल शेख येथील परिषदेत हानी भरून देण्यासाठी आंतरराष्ट्रीय निधी स्थापण्याचे मान्य झाले. गरीब राष्ट्रांनी तीस वर्षे केलेल्या मागणीचे ते फळ होते. पण भारतासारख्या देशाने तेथे मागावयाचे आणि इथल्या बुडीतक्षेत्राला मात्र ताडपत्री व तांदूळ देऊन परत पाठवावयाचे, ही दुटप्पी नीती होय. श्रीमंत राष्ट्रांकडे न्याय मागणाऱ्याने तोच न्याय आपल्या घरातही लागू केला पाहिजे.

या लाभक्षेत्रातील प्रत्येकाचा वाटा काटेकोर मोजता येणार नाही, हा आक्षेप घेतला जाईल. तो अर्धाच खरा आहे. धरणाच्या लाभक्षेत्रातही कोणत्या शेतकऱ्याला किती पाण्याने किती लाभ झाला, हे थेंबाथेंबाने मोजून जमीन घेतली गेली नव्हती. लाभाची दिशा निश्चित होती, तेवढे पुरेसे मानले गेले.

वाचवावे की हलवावे

आता सर्वांत अवघड प्रश्न. घोडामारा वाचविता येईल काय?

याचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. काही ठिकाणी लोकांनीच मार्ग काढला आहे. जमीनदारी काळापासून बंगालमध्ये अष्टमासी बांधांची पद्धत होती. वर्षातील आठ महिने खारे पाणी बाहेर ठेवावयाचे आणि पावसाळ्यात, नदीचे पाणी गोडे व गाळाने भरलेले असता, ते आत घ्यावयाचे. बांगलादेशात १९६० च्या दशकात परदेशी मदतीने कायमचे बांध घातले गेले आणि काही वर्षांनी आतली जमीन पाण्याने तुंबून राहू लागली. १९९० साली खुलना भागात बिल डाकातिया येथे शेतकऱ्यांनी शासनाचा विरोध पत्करून बांध कापला. भरती आत आली, गाळ बसला, जमीन उंच होऊ लागली आणि नदी खोल झाली. जो प्रकार गुन्हा ठरविला गेला होता, तोच पुढे सरकारी योजनेत समाविष्ट झाला. मात्र तेथेही जमीन पाण्याखाली ठेवावी लागते त्या वर्षांची भरपाई वेळेवर मिळाली नाही, की योजना कोलमडते. म्हणजे तंत्रालाही न्यायाचा पाया लागतो.

घोडामाराची गोष्ट याहून कठीण आहे. तेथे खोल पात्रातील वेगवान प्रवाह काठाचा पायाच पोखरीत आहे. खारफुटी लावल्याने लाटांचा मार कमी होतो, पण झाड उभे राहावयास किनारा तरी टिकावा लागतो. दगड व काँक्रीटचे भक्कम बांध काही वर्षे देतील. कायमची हमी देणार नाहीत. तेव्हा ‘बेट वाचवा’ या घोषणेत दोन निराळ्या मागण्या आहेत हे ओळखले पाहिजे. भूमी वाचविणे ही एक आणि गाव वाचविणे ही दुसरी. भूमी कदाचित हरेल. गाव हरलेच पाहिजे असे नाही.

गाव म्हणजे कोण कोणाच्या शेजारी राहते, जाळे कोण कोणाबरोबर टाकते, पानमळ्याची मजुरी कोण कोणाकडे करते, या संबंधांची वीण. कुटुंबे एकेक करून सुटी झाली की ही वीण उसवते आणि माणूस फक्त मजूर उरतो. म्हणून हलवावयाचे तर गाव एकत्र हलविले पाहिजे, पाण्याजवळ हलविले पाहिजे आणि त्याच्या संमतीने हलविले पाहिजे. संमतीवाचून केलेले पुनर्वसन काय करते, याचा धडा त्याच सुंदरबनात लिहिलेला आहे. पूर्व बंगालचे दलित निर्वासित दंडकारण्यात नेऊन टाकले गेले. आपल्या चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलातही त्यांच्या वसाहती झाल्या. नदीकाठच्या माणसांना कोरड्या माळावर बसविले होते. १९७८ साली त्यांतील हजारो सुंदरबनातील मरिचझापी बेटावर आले, त्यांनी स्वतः बांध घातले, शाळा उभारली. १९७९ साली राज्यातील डाव्या सरकारने नाकेबंदी करून, बळाने, ते बेट रिकामे केले. किती माणसे मेली याचा आकडा आजही वादग्रस्त आहे. गरिबांच्या नावाने निवडून आलेले सरकारही गरिबाला न विचारता त्याची जागा ठरवू लागले की काय होते, हे विसरण्याचा अधिकार समाजवाद्यांना तर मुळीच नाही.

आणि एक. हलवावयाचे ठरले म्हणून उरलेल्यांना वाऱ्यावर सोडण्याची मुभा मिळत नाही. शेवटचे कुटुंब बेटावर आहे तोवर बांधाची डागडुजी, फेरी, शाळा, दवाखाना आणि वादळात आसऱ्याची इमारत चालू राहिली पाहिजे. ‘बेट जाणारच आहे, खर्च कशाला’ असे म्हणून सोयी काढून घेणे म्हणजे माणसाला उपाशी ठेवून त्याची संमती मिळविणे होय.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांपुढील काम

हा प्रश्न दूरचा नाही. सुंदरबनातील तरुण बांधकामावर आणि कारखान्यांत काम करण्यासाठी देशभर पांगले आहेत. त्यांतील काही मुंबई–पुण्यातही आहेत. २०२५ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बांगला बोलणाऱ्या मजुरांची परकीय असल्याच्या संशयावरून धरपकड झाली. अशा मजुराकडे पहिला प्रश्न येतो तो गावाचा आणि जमिनीच्या कागदाचा. ज्याचे गावच नदीत गेले, त्याने कोणत्या तलाठ्याकडून उतारा आणावा? बुडालेल्या जमिनीची नोंद जपून ठेवणे आणि त्या नोंदीच्या आधारे प्रमाणपत्र देणे, ही मागणी म्हणूनच निव्वळ महसुली नाही. ती नागरिकत्वाची मागणी आहे. कामगार संघटनांनी तिला आपल्या मागण्यांत स्थान द्यावे.

शिवाय आपला स्वतःचा किनारा आहे. मालवणजवळ कर्ली खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरील देवबागचे लोक वर्षानुवर्षे किनाऱ्याची झीज सोसत आहेत. खारभूमीचे बांध फुटून भातशेती कायमची खारी झालेली गावे कोकणात कमी नाहीत. १९७९ चा खारभूमी विकासाचा कायदा बांध बांधण्याविषयी बोलतो. बांध हरला तर माणसाचे काय, याविषयी नाही. धरणग्रस्तांसाठी पहिला कायदा करणाऱ्या राज्याने झीजग्रस्तांसाठीही पहिला कायदा करावा, ही मागणी सर्वस्वी रास्त आहे.

त्या कायद्यात चार गोष्टी असाव्यात. झीज ही आपत्ती म्हणून मान्य व्हावी आणि पुनर्वसन हा न्यायालयात मागता येणारा हक्क व्हावा. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, तिच्यावर स्त्रीचेही नाव लागावे, आणि ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्या मच्छीमाराला व शेतमजुरालाही उपजीविकेचे साधन मिळावे. खर्चाचा भार लाभक्षेत्रावर पडावा, म्हणजे बंदरे, किनाऱ्यावरील मोठे प्रकल्प आणि कोळसा व तेल यांवर पुनर्वसन उपकर बसावा. आणि केव्हा, कोठे व कसे हलावयाचे याचा निर्णय ग्रामसभेचा असावा.

हे सारे होईपर्यंत घोडामाराचे आणखी काही काठ खचतील. कायदा नदीला थांबविणार नाही. पण आज जो माणूस खचलेल्या काठावर उभा राहून मदतीच्या यादीत आपले नाव आहे की नाही हे विचारतो, तो उद्या आपला वाटा मागू शकेल. कार्यकर्त्यांनी किनाऱ्यावरील प्रत्येक तालुक्यात झीजग्रस्त कुटुंबांची नोंद करण्यास या पावसाळ्यापूर्वीच सुरुवात करावी. कारण पुढच्या पौर्णिमेची भरती ठरावांची वाट पाहणार नाही.